आलेख एकोणीस देशांचा, प्रश्न एका माणसाच्या बीपीचा

पत्र : माझी मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. सरावासाठी तिला १९ श्रीमंत देशांचा एक तक्ता मिळाला. एका रकान्यात दर माणशी वर्षाला वाइनमधून जाणारं अल्कोहोल (लिटरमध्ये), दुसऱ्यात दर लाख लोकांमागे हृदयविकाराने होणारे मृत्यू. वाइन वाढते तसे मृत्यू कमी होतात, सहसंबंध −०.८४ आला (−१ म्हणजे पक्कं उलटं नातं, ० म्हणजे नातंच नाही). माझ्या यजमानांनी हा आलेख पाहिला आणि तेव्हापासून तो त्यांचा हुकमी पुरावा झाला आहे. ते ५४ वर्षांचे आहेत. बीपीची गोळी चालू असूनही १५०/९४ च्या आसपास असतं. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग (बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलंय), शनिवारी मित्रांबरोबर पाच. रविवारी घेत नाहीत, पण त्या सकाळी बऱ्याचदा छातीत धडधडतं म्हणतात. आलेख खोटा आहे का? कमी करायची तर कशी? आणि मी आजवर कधी घेतलेली नाही. पन्नाशी आली, हृदयासाठी थोडी वाइन सुरू करावी का?

उत्तर :

तुम्ही आलेखाबद्दल आधी विचारलंत आणि धडधडीचा उल्लेख ओघात केलात. मी क्रम उलटा करते, कारण पत्रातली सगळ्यात निकडीची गोष्ट रविवारची सकाळ आहे.

एका बैठकीत भरपूर दारू झाली की दुसऱ्या दिवशी हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरू लागू शकतात. सुट्टीच्या दिवसांनंतर असे रुग्ण वाढतात हे पाहून १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याला ‘हॉलिडे हार्ट’ नाव दिलं. त्या थरथरीचं वैद्यकीय नाव एट्रियल फिब्रिलेशन. शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढलेलं असतं, लघवीवाटे मॅग्नेशियम-पोटॅशियम गेलेलं असतं, झोप तुटक झालेली असते. या सगळ्याचा ताण हृदयाच्या विद्युतयंत्रणेवर येतो. धडधड दुपारपर्यंत थांबते आणि माणूस विसरून जातो, पण कप्पा नीट आकुंचन पावत नसताना त्यात रक्ताची गुठळी बनू शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

तेव्हा पुढच्या वेळी धडधडलं की मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात अनियमितपणा निसटतो. ठोके वेगवान पण एकसारखे आहेत, की मधलं अंतरच सारखं बदलतंय, हे टिपून ठेवा. अंतर बदलत असेल तर त्याच दिवशी, धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. बुधवारी काढलेला सरळ ईसीजी रविवारच्या लयीबद्दल काहीच सांगत नाही. डॉक्टरांनी होल्टर, म्हणजे २४ किंवा ४८ तास अंगावर राहणारा ईसीजी, सुचवला तर त्यात रविवारची सकाळ येईल असा दिवस मागा. मात्र ‘तपासणीत दिसावं म्हणून’ शनिवारी मुद्दाम पिऊ देऊ नका. धडधडीबरोबर छातीत दाब, घाम, धाप, भोवळ, किंवा बोलणं अडखळणं, तोंड-हात एका बाजूला लुळे पडणं असं काही दिसलं तर घरी थांबू नका, तडक इमर्जन्सीत जा.

आता आलेख. तो खोटा नाही. हे आकडे फार जुन्या ओळखीचे आहेत. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १८ विकसित देशांची अशीच तुलना छापून आली होती, आणि १९९२ मध्ये सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकांच्या लेखाने ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ जगभर पोचवला: लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच माणूस हृदयविकाराने कमी का मरतो, तर म्हणे वाइनमुळे. प्रश्न हा आहे की असा आलेख कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. तो देशांबद्दल बोलतो. त्यातला एकेक ठिपका म्हणजे लाखो-कोट्यवधी माणसांची सरासरी. वाइन पिणारा माणूस आणि हृदयविकाराने न मेलेला माणूस एकच आहे की नाही, हे त्या ठिपक्यात कुठेच नोंदलेलं नसतं.

मुलीला तक्ता पुन्हा उघडायला सांगा. या प्रकारच्या तक्त्यात सहसा फ्रान्सला ९.१ लिटर आणि ७१ मृत्यू, इटलीला ७.९ आणि १०७, स्पेनला ६.५ आणि ८६, स्वित्झर्लंडला ५.८ आणि ११५ असे आकडे असतात. बाकीचे पंधरा देश चार लिटरच्या आत गर्दी करून बसलेले. ते चार ठिपके झाकून सहसंबंध पुन्हा काढला की −०.८४ चा सुमारे −०.६५ होतो. वर्ग केलात तर आधी मृत्यूंमधल्या फरकाचा ७१ टक्के भाग वाइनशी जुळत होता, आता ४२ टक्केच. म्हणजे रेषेचा बराचसा जोर पश्चिम आणि दक्षिण युरोपातल्या चार शेजाऱ्यांवर उभा आहे, आणि त्या शेजाऱ्यांमध्ये वाइनखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी सारख्या आहेत. मग आयर्लंड आणि आइसलंड बघा. वाइन ०.७ आणि ०.८ लिटर, जवळपास तेवढीच. मृत्यू मात्र ३०० आणि २११. दर लाखामागे जवळजवळ ९० मृत्यूंचा हा फरक वाइनने पडलेला नाही, हे उघड आहे.

रेषेचं समीकरण तर तिच्याकडून तोंडी घ्या: मृत्यू = २६०.६ − २३ × वाइन. या हिशेबाने वर्षाला साडेअकरा लिटर झाले की हृदयविकाराचे मृत्यू शून्याच्या खाली जातात! आकड्यांच्या पल्ल्याबाहेर रेषा ओढली की असं होतं. आणि तुमच्या यजमानांसाठी आणखी एक बाब: आडव्या अक्षावर फक्त वाइन आहे. बिअर आणि स्पिरिट मोजलेलीच नाहीत. आयर्लंड, फिनलंड, ब्रिटन हे वाइन कमी पिणारे देश असतील, पण दारू कमी पिणारे नव्हेत. व्हिस्की पिणाऱ्याने या आलेखाचा आधार घेण्यात अर्थ नाही, त्यात व्हिस्की नाहीच.

मृत्यूचा रकानाही तपासून घ्यावा लागतो. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर काय कारण लिहितात, याच्या सवयी देशागणिक वेगळ्या. १९९९ मध्ये लॉ आणि वॉल्ड या दोघा ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की फ्रान्समध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंची नोंद अंदाजे २० टक्क्यांनी कमी होत असावी. त्यांचं मुख्य म्हणणं वेगळं होतं: प्राणिज चरबी आणि कोलेस्टेरॉल फ्रान्समध्ये ब्रिटनपेक्षा काही दशकं उशिरा वाढलं, आणि धमन्या तुंबायला दशकं लागतात, तेव्हा आजच्या मृत्यूंची तुलना तीसेक वर्षांपूर्वीच्या आहाराशी करायला हवी. शिवाय त्याच काळात फ्रान्समध्ये यकृताच्या सिरोसिसने पुष्कळ माणसं मरत होती. हृदयाचा रकाना एकटाच बघितला की तो हिशेब दिसत नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटणारी कसोटी काळाची आहे. देशादेशांमधली ती रेषा जर खरोखर कारण सांगत असेल, तर एकाच देशात वाइन कमी झाल्यावर मृत्यू वाढायला हवेत. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास दर माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जायची, आज ती निम्म्याहूनही कमी आहे. हृदयविकाराचे मृत्यू वाढले नाहीत, उलट उतरले.

उलट दिशेचा धडा सोव्हिएत संघाने दिला. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह सरकारने दारूचं उत्पादन आणि विक्री आवळली. रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६२ च्या आसपास होतं, ते दोन-तीन वर्षांत ६५ च्या जवळ गेलं. मोहीम ढासळली, पुढे देशही फुटला, आणि १९९४ पर्यंत ते ५८ च्या खाली आलं. १९९० नंतरच्या घसरणीला दारू हे एकमेव कारण नव्हतं, गरिबी आणि कोलमडलेली आरोग्यव्यवस्थाही होती. पण सैबेरियातल्या तीन शहरांत ४८ हजारांहून जास्त मृतांच्या घरच्यांशी बोलून केलेल्या अभ्यासात (२००९) आढळलं की आठवड्याला तीन किंवा जास्त बाटल्या व्होडका पिणाऱ्या पुरुषांत ‘हृदयविकार’ म्हणून नोंदलेले काही प्रकारचे मृत्यू फार वाढलेले होते, आणि त्यातले बरेच प्रत्यक्षात दारूच्या विषबाधेचे किंवा दारूने बिघडलेल्या हृदयाचे असावेत. जिथे लोकसंख्येत जड मद्यपान आहे, तिथे ते हृदयाच्या रकान्यात लपून बसतं.

‘थोडी घेतलेली चांगली’ हे मत मात्र केवळ देशांच्या आलेखांवर उभं नाही, माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांतही ते दिसायचं. अजिबात न पिणारे थोडे जास्त मरतात, थोडी पिणारे कमी, खूप पिणारे पुन्हा जास्त. इंग्रजी ‘जे’सारखी वक्ररेषा. ती कशी तयार होते ते समजून घ्या. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेले लोक येऊन बसतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८८ मध्येच हे दाखवून दिलं होतं. आणि थोडी पिणारे लोक सरासरीने कमी धूम्रपान करतात, जास्त चालतात, वजन आटोक्यात ठेवतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ३ लाख ७१ हजार लोकांच्या माहितीत या सवयी हिशेबात घेतल्या तेव्हा तो फायदा बराच आटला.

यातून सुटायला निसर्गाने एक वाट दिली आहे. पूर्व आशियात अनेकांमध्ये एक जनुकीय बदल असतो, ज्यामुळे दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि माणूस आपोआप कमी पितो. जनुक जन्मतः मिळतं, ते स्वभाव किंवा शिक्षण बघून येत नाही. चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासात (२०१९) यातल्या सुमारे १ लाख ६० हजारांची जनुकं तपासली. ज्या पुरुषांचं जनुक जास्त पिण्याकडे झुकणारं, त्यांचं बीपी आणि पक्षाघाताचं प्रमाण पायरीपायरीने वाढत गेलं. मध्यम पिणाऱ्यांना पक्षाघातापासून संरक्षण दाखवणारा त्या ‘जे’ रेषेतला खळगा नाहीसा झाला. तिथल्या बायका जवळपास पीतच नाहीत, आणि त्यांच्यात तेच जनुक असूनही बीपीत फरक दिसला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नसून दारूचाच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर यजमान ती कुठेतरी वाचून तुमच्यापुढे ठेवतील. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने १९ देशांतल्या जवळपास ६ लाख पिणाऱ्यांची माहिती एकत्र केली. आठवड्याला दर १०० ग्रॅम जादा अल्कोहोलमागे हार्ट अटॅकचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच वेळी पक्षाघात १४ टक्के, हार्ट फेल्युअर ९ टक्के, उच्च रक्तदाबाने मृत्यू २४ टक्के आणि महाधमनी फुगण्याचे जीवघेणे प्रकार १५ टक्के वाढलेले. बेरीज तोट्याचीच येते. १०० ग्रॅमच्या वर गेलं की आयुष्य घटू लागतं: चाळिशीत आठवड्याला २०० ते ३५० ग्रॅम घेणाऱ्यांचं एक ते दोन वर्षांनी. अल्कोहोलने एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढतं हेही खरं, पण ते वाढवलं म्हणजे हृदय वाचतं असं नाही. एचडीएल भरपूर वाढवणारं टॉर्सेट्रापिब हे औषध २००६ मध्ये चाचणीतच थांबवावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले.

आता यजमानांचा हिशेब. मिलीलिटर × टक्के × ०.७८९ ÷ १०० = अल्कोहोल ग्रॅममध्ये. ६० मिली, ४२.८ टक्के: २० ग्रॅम. पाच दिवस दोन-दोन आणि शनिवारी पाच, असे पंधरा पेग, म्हणजे ३०० ग्रॅम. वर सांगितलेल्या १०० ग्रॅमच्या तिप्पट. (मित्रमंडळीत ‘मी बिअरच घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांची ६५० मिली बाटली ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेग. ५ टक्क्यांची ३३० मिली १३ ग्रॅम. १२ टक्के वाइनचा १५० मिली ग्लास १४ ग्रॅम.)

शनिवारचा वेगळा विचार करा. बेलफास्ट आणि तीन फ्रेंच शहरांतल्या पन्नाशीतल्या जवळपास दहा हजार पुरुषांचा दहा वर्षं अभ्यास झाला. आठवड्याचं अल्कोहोल दोन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं, बेलफास्टला सुमारे २८० ग्रॅम, फ्रान्सला २५५. फ्रान्समध्ये ते आठवडाभर विभागलेलं, बेलफास्टमध्ये बरंचसं शनिवारी. एका बैठकीत खूप पिणाऱ्यांना हार्ट अटॅक किंवा त्याने मृत्यू येण्याचा धोका नियमित पिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. म्हणून कपात शनिवारपासून सुरू करायची.

त्याआधी एक खात्री. सकाळी हात थरथरणं, घाम, उलटीची भावना आणि घेतल्यावर बरं वाटणं, सकाळी प्यायची गरज, किंवा पूर्वी सोडताना फिट आली असणं, यातलं काहीही असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. सोडल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम आणि तीव्र थरथर. तो जिवावरचा प्रसंग असतो. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) घेऊन सोडायची. यजमानांना यातलं काही नसेल तर चार आठवड्यांत उतरता येईल. पहिल्या आठवड्यात शनिवार पाचवरून तीन पेगांवर, बाकी तसंच: १३ पेग. दुसऱ्या आठवड्यात पाचपैकी दोन संध्याकाळ कोरड्या, शनिवार तीनच: ९. तिसऱ्यात तीन संध्याकाळी एकेक आणि शनिवारी दोन: ५ पेग, १०० ग्रॅम. चौथ्यात पुढचा निर्णय. ईसीजीत फिब्रिलेशन निघालं तर माझं मत स्पष्ट आहे, शून्य. ऑस्ट्रेलियातल्या १४० रुग्णांच्या चाचणीत (२०२०) दारू बंद करायला सांगितलेल्या गटात सहा महिन्यांत ५३ टक्क्यांना ही अनियमितता परत आली, पूर्वीसारखी पिणाऱ्यांत ७३ टक्क्यांना. न निघालं तरी १५०/९४ बीपी असलेल्या माणसाला मी १०० ग्रॅम ही मजल म्हणेन, मुक्काम नव्हे.

इथे फसतं ते मापात. घरी हाताने ओतलेला पेग ६० चा राहत नाही, ७५-८० चा होतो. मापाचं भांडं ठेवा, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. शनिवारचे पेगही तिच्यातूनच धरले तर ७५० मिलीची बाटली आत्ता सहा दिवसही पुरत नसणार. १०० ग्रॅमवर आल्यावर ती साधारण अडीच आठवडे चालायला हवी. लवकर संपली तर मोजणी कुठेतरी चुकतेय. कोरड्या दिवसांची भरपाई शनिवारी झाली तर सगळं मुसळ केरात, त्यामुळे शनिवारचा आकडा घरून निघतानाच ठरवून निघायचं आणि दोन पेगांच्या मध्ये एक ग्लास पाणी किंवा सोडा.

बीपी मोजण्यातही एक फसवा खड्डा आहे. एका वेळी ३० ग्रॅमहून जास्त अल्कोहोल घेतलं की पहिले काही तास बीपी उतरतं, साधारण १३ तासांनंतर वाढतं. पेगनंतर मोजून ‘बघ, १२६ आहे’ म्हणणाऱ्याला यंत्र खरं सांगत असतं, पण अर्धवट. म्हणून सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी पहिल्या पेगच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, असं सलग सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. पिणं कमी करण्यापूर्वीचा एक आठवडा आणि चौथा आठवडा, दोन्ही सरासऱ्या मुलीला काढायला द्या. जड पिणाऱ्यांनी (दिवसाला सहा किंवा जास्त ड्रिंक) प्रमाण निम्मं केलं तेव्हा वरचं बीपी सरासरी साडेपाच अंकांनी उतरलं, असं एकत्रित चाचण्यांत दिसतं. यजमानांचं थोडं कमी उतरेल. पिण्याच्या दिवशी गोळी टाळायची नाही, ही चूक फार जण करतात. उलट कमी केल्यावर उभं राहताना अंधारी येऊ लागली तर गोळीचा डोस बघून घ्यायला डॉक्टरांकडे जा. आणि त्यांना ‘कधीमधी घेतो’ असं सांगू नका, ‘आठवड्याला ३०० ग्रॅम’ सांगा. औषधाची निवड त्या आकड्यावर बदलू शकते.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर: सुरू करू नका. हृदयासाठी न पिणाऱ्याला प्यायला सांगणारी आणि चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडून केलेली एकही मोठी चाचणी आजवर पूर्ण झालेली नाही. अशी एक अमेरिकेत सुरू झाली होती, ती २०१८ मध्ये बंद केली गेली, कारण तिच्या पैशांचा मोठा भाग दारू कंपन्यांकडून येत होता आणि आखणीही त्यांच्या बाजूने झुकलेली होती. बाईसाठी दुसरी बाजू फार ठळक आहे. अल्कोहोल १९८८ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे ठाम पुरावा असलेल्या, गटात आहे, आणि रोजच्या दर १० ग्रॅममागे, म्हणजे एका छोट्या ग्लासमागे, स्तनाच्या कर्करोगाचा धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. पन्नाशीत हृदयासाठी काही करायचं असेल तर बीपी, साखर आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तपासून घ्या, आणि यजमानांबरोबर तुमचंही बीपी त्याच सात दिवसांत त्याच यंत्रावर मोजा.